पाण्यापासून लांब ठेवायच्या वस्तू

माझे वडील तंबोरे करतात. ‘करतात’ म्हणायचं की ‘करायचे’, हे मधलं एक वर्ष मला ठरवता येत नव्हतं. कोणी विचारलंच तर ‘आमचं मिरजेत तंबोऱ्याचं काम आहे’ असं मोघम काहीतरी सांगायचो आणि विषय बदलायचो.

मी स्वतः त्या कामात नाही. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत फायबरच्या पाण्याच्या टाक्या करणारा एक कारखाना आहे, तिथं मी काम करतो. काचेच्या धाग्याचं कापड साच्यावर अंथरायचं, त्यावर रेझिन ओतायचं, रोलर फिरवून आतली हवा काढायची. इतकी वर्षं हेच करतोय, तरी अंगाची खाज काही जात नाही. घरी आल्यावर स्वतःची लुंगीसुद्धा टोचते. अब्बांनी मला आपल्या कामात ये म्हणून कधी आग्रह केला नाही. पोराचा कान चांगला आहे पण हाताला सबुरी नाही, असं त्यांचं मत होतं. लहानपणी मी एका तबलीला, म्हणजे तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जे पातळ लाकडी झाकण बसवतात त्याला, पटाशीनं भोक पाडलं होतं. तेव्हापासूनचं ते मत.

अब्बांचं नेमकं उलटं झालं. हात शाबूत राहिले आणि कान गेले. एकदम नाही गेले. आधी दाराची कडी ऐकू येईनाशी झाली, मग कुकरची शिट्टी. अम्मी म्हणायची, ऐकू येतं सगळं, मुद्दाम ऐकत नाहीत. आम्ही हसायचो. मग एक दिवस सांगलीच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाई नवा तंबोरा परत घेऊन आल्या.

इथं जवारी म्हणजे काय ते सांगायला हवं. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं केसभर उतार देऊन घासतात. तो बरोबर साधला की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून गुंजन उठतं आणि खोलीभर पसरतं. ह्या कामाचं माप कुठल्या पट्टीवर नाही. थोडं घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, परत थोडं घासायचं. सगळा कानाचा कारभार.

बाई भल्या होत्या. आवाज जरा कोरडा वाटतोय, सवडीनं बघा, एवढंच म्हणाल्या. अब्बांनी त्यांना आधी करून ठेवलेला दुसरा तंबोरा दिला आणि परत आलेला घेऊन बसले. दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी कानस पुसली, अम्मीच्या जुन्या ओढणीत गुंडाळली आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिली. तंबोऱ्याला गवसणी घालून तो कोपऱ्यात उभा केला. त्यानंतर ते दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसू लागले. कानाचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून माणसांचं बोलणं पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं म्हणून तेही डबीत गेलं.

अम्मी फोनवर जास्त बोलणारी बाई नाही. त्या दिवसांत एकदा म्हणाली, “तुझ्या अब्बांनी हात गुंडाळून ठेवलेत. जेवतात, झोपतात. असा माणूस किती दिवस राहील? येत जा जरा.” मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि कारखान्याच्या भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिलो. मला भीती वाटली होती.

आता माझ्या खुळाकडे येतो.

टाक्या पोचवायला एकदा गोव्याला गेलो होतो. किनाऱ्यावर चहा पीत असताना समोर एक माणूस दिसला. तो एका आखूड फळीवर उभा होता आणि ती फळी पाण्याला टेकलेली नव्हती. पाण्याच्या हातभर वरून ती चालली होती. माणसाच्या हातात हवा भरलेला कापडी पंख होता, वारा त्यात भरत होता. फळीच्या खाली एक उभी दांडी आणि दांडीच्या तळाशी पाण्याच्या आत आडवा पंख. वेग आला की तो खालचा पंख फळीला वर उचलतो. ह्याला फॉइल म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढं कळलं की माझा चहा गार झाला आहे आणि माझे डोळे भरून आले आहेत. चाळिशी ओलांडलेल्या, खाजऱ्या अंगाच्या माणसाला कशामुळं रडू यावं? मलाही एकदा असं सुटायचं होतं, एवढंच.

पुढं पुण्याच्या एका नोकरदार माणसाकडून जुनं फॉइल आणि हाताचा पंख मिळाला. त्याची फळी फुटली होती. मला वाटलं, फळीचं काय, टाक्या करतो तशी फळी करू. साताऱ्याच्या माझ्या खोलीत पाय पसरायला जागा नाही, म्हणून सुट्टीला मिरजेला जाऊन घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचं ठरवलं. तिथं अब्बांचं काम चालायचं. शेड रिकामी पडली होती. आणि अम्मीचा फोनही डोक्यात होताच, नाही असं नाही.

पहिल्याच दिवशी मी शोभा करून घेतली. थर्माकोलचा मोठा ठोकळा आणला, तारेनं कापून फळीचा आकार दिला, वर कापड अंथरलं आणि कारखान्यातून आणलेलं टाकीचं रेझिन दणक्यात ओतलं. टाकीला आतून थर्माकोल नसतो, त्यामुळं हे रेझिन थर्माकोल खातं ही गोष्ट मला इतक्या वर्षांत कळायचं कारणच पडलं नव्हतं. बघता बघता फळीच्या पोटात खड्डा पडला, मग दुसरा, आणि फळी ताटातल्या आइस्क्रीमसारखी खाली बसली. मी रोलर हातात धरून नुसता बघत राहिलो. मागून आवाज आला. अब्बा खुर्ची सोडून शेडच्या दारात आले होते आणि हसत होते. पोट धरून हसत होते. अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं ठसका लागला. मला रागही आला आणि बरंही वाटलं, कारण त्यांचं हसणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला इपॉक्सी आणलं. दोन डबे असतात, ठरल्या मापात एकमेकांत मिसळायचे, आणि ते थर्माकोल खात नाही. अब्बा आता खुर्ची शेडमध्येच आणून बसायला लागले. मी फळीच्या कडा घासत होतो तेव्हा ते तोंड वाकडं करून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. माझ्या हातातला पॉलिश पेपर काढून घेतला, डोळे मिटले आणि डाव्या तळहातानं फळीची एक बाजू, उजव्यानं दुसरी बाजू चाचपत गेले, जसे भोपळा निवडताना चाचपायचे. एका जागी थांबले, बोटानं खूण केली, घासलं. मी दोरी लावून मापलं. त्यांचं बरोबर होतं. घरात आम्ही दख्खनी आणि मराठी कालवून बोलतो, पण अब्बा तासगावकडच्या खेड्यात वाढले, कामाच्या जागी त्यांची मराठीच निघते. म्हणाले, हात आंधळा ठिवून घासतोस, मग कसं व्हायचं.

फळीच्या पोटात, जिथं फॉइलची दांडी चार बोल्टांनी बसते, तिथं थर्माकोल चालत नाही. तिथं मजबूत ठोकळा बसवावा लागतो, सगळा भार त्याच्यावर. मी कारखान्यातून काही आणणार होतो. अब्बा म्हणाले, “ठोकळा मी करतो.” वर्षभरात त्यांनी आपणहून काही करतो म्हटलेली ही पहिली गोष्ट. मी इपॉक्सीचे दोन्ही डबे त्यांच्यापुढं ठेवले आणि मोठ्यानं दोनदा सांगितलं, ह्याचे दोन भाग, त्याचा एक. त्यांनी मान डोलावली. कमी ऐकू येणाऱ्या माणसाची मान फार लवकर डोलते, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुढच्या सुट्टीला गेलो तर ठोकळा तयार. तुणीच्या लाकडाचे सहा पातळ थर, एकाची रेघ उभी, दुसऱ्याची आडवी, एकावर एक चिकटवलेले, आणि वरून असा रंधलेला की गालाला लावावा. मी खरोखर गालाला लावला. अब्बा दुसरीकडे बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. शेडमध्ये सरेसाचा वास होता. सरेस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुना गोंद. वड्या पाण्यात भिजवून, मंद आचेवर पातळ करून लावतात. तंबोऱ्याचा सगळा जीव त्याच्यावर. तो वास माझ्या बालपणाचा आहे, त्या शेडमध्ये तो नसता तरच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं. वर्षभर बंद असलेल्या शेडमध्ये ताजा सरेस कुठून आला, हा प्रश्न मला पडला नाही.

ठोकळा बसवला, वर कापड आणि इपॉक्सी चढवलं, फळी पूर्ण झाली. आमच्या कारखान्याचा टेम्पो टाक्या टाकायला सांगलीला येतो आणि रिकामा परत जातो. त्यात फळी घालून मी साताऱ्याला नेली.

कण्हेरच्या धरणावर उन्हाळ्यात दुपारनंतर मेढ्याच्या बाजूनं वारा येतो. मी जिथून पाण्यात उतरायचो तिथं एक म्हातारे निवृत्त हवालदार आपल्या दोन म्हशी घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला अडवलं आणि अंगात जाकीट घातल्याबिगर पाण्यात पाय टाकायचा न्हाई असा हुकूम दिला. जाकीट माझ्याकडे होतंच, पण त्यांनी पट्टे ओढून बघितले. नंतर ते रोज माझ्या पडण्याची मोजदाद ठेवू लागले. मी ओलाचिंब होऊन काठावर आलो की आकडा सांगायचे, आणि तोही कालच्या आकड्याशी ताडून. आधी गुडघ्यावर, मग उभं राहून, मग पंखात वारा घेऊन सरळ जायला शिकेपर्यंत महिना गेला. फळी पाण्यावरून घसरत राहायची, उठायची काही नाही.

ज्या दिवशी उठली त्या दिवशी काही वेगळं केलं नव्हतं. वाऱ्याचा एक झोत आला, मी पंख जवळ ओढला, मागच्या पायावर भार दिला, आणि फळीखालचा पाण्याचा खळखळाट एकदम बंद झाला. मी खाली बघितलं. पाणी खाली होतं. त्या शांततेत तळपायातून एक बारीक गुणगुण चढत आली, लांबच्या तारेसारखी. मला ओरडावंसं वाटलं, पण तोंड उघडायच्या आत खाली काहीतरी ढिलं झालं. फळी एका बाजूला आणि दांडी दुसऱ्या बाजूला जायला लागली आणि मी पाण्यात गेलो. वर आलो तेव्हा फॉइल एकाच बोल्टाला लोंबत होतं. हवालदार काठावर उभे राहून हाका मारत होते. मी फळीला धरून पाय मारत मारत आलो. त्यांनी त्या दिवशी आकडा सांगितला नाही.

खोलीवर आणून बोल्ट काढले. फळीच्या पोटातून अब्बांच्या ठोकळ्याचे थर वहीच्या पानांसारखे सुटे होऊन बाहेर आले. लाकूड कुठंच मोडलेलं नव्हतं, नुसतं सुटलं होतं. बोटाला चिकट लागलं. नाकाजवळ नेलं आणि मी खाली बसलो. सरेस. बोल्टांच्या भोकांतून रोज थोडं थोडं पाणी आत गेलं असणार आणि सरेस पुन्हा पातळ झाला असणार.

माझी पहिली भावना राग होती, ती लपवत नाही. अडीच महिन्यांचं काम, दोनदा सांगितलं होतं, आणि पाण्याच्या मध्यभागी मी बुडालो असतो तर? राग चहा होईपर्यंत टिकला. मग भीती वाटली, आणि ती माझ्या जिवाची नव्हती. परत आलेल्या एका तंबोऱ्यामुळं ज्या माणसानं कानस ओढणीत गुंडाळून ठेवली, त्याला मी हे सहा थर दाखवले तर तो रंधाही गुंडाळून ठेवेल आणि मग शेडच्या दाराला कुलूप लागेल. मी ठरवलं, सांगायचं नाही.

सुट्टीला फळी घेऊन मिरजेला गेलो आणि सांगितलं की धरणात पाणी उतरलंय, दांडी दगडाला लागली, ठोकळा निघाला. इपॉक्सीनं नवा मी करतो. अब्बांनी सहा थर हातात घेतले, एकेक उजेडाला धरला, अंगठ्यानं पुसला. मग व्यवस्थित एकावर एक रचून बाकावर ठेवले आणि आत जाऊन पडले. दुपारी जेवले नाहीत. अम्मीनं मला डोळ्यांनी विचारलं, काय केलंस. मी ताटाकडे बघत राहिलो. साताऱ्याची गाडी धरताना मला वाटलं, सांगितलं असतं तर बरं, न सांगून काय राखलं?

तो आठवडा मी नीट झोपलो नाही. सुट्टीच्या सकाळी मिरजेच्या घरात शिरलो तर दारातली खुर्ची रिकामी. मागं शेडमध्ये गेलो. बाकावर अम्मीचा स्वयंपाकघरातला वजनकाटा होता, त्याच्यावर वाटी, आणि वाटीत वाळून घट्ट झालेलं इपॉक्सी. शेजारी नवा ठोकळा. पुन्हा सहा थर, पुन्हा गालाला लावावा असा. त्याच्या शेजारी पाण्यानं भरलेलं पातेलं होतं, त्यात दुसरा एक छोटा ठोकळा बुडवून ठेवलेला. अब्बा पातेल्यापाशी बसले होते.

मला समोर बसायला खूण केली. मग बोलले, आणि इतकं सलग बोललेले मी त्यांना फार वर्षांनी ऐकलं.

“दगड लागला असता तर लाकडावर मार दिसला असता. तुला खोटं बोलाय येत न्हाई, लहानपणीबी येत न्हवतं. सरेस पाण्यात सुटतो हे मला ठाऊक न्हाई व्हय रं? मी त्यो पाण्यातच भिजवतो. पर ही वस्तू पाण्यात जाणार हाय, हे हाताला ध्यानातच आलं न्हाई. जन्मभर पाण्यापासनं लांब ठिवायच्याच वस्तू केल्या.”

त्यांनी पातेल्यातला ठोकळा बाहेर काढून पिळल्यासारखा वाकवून बघितला. हलला नाही.

“चार दिस भिजतोय. धरलंय. माझी चूक हुती ती मला दाव, बाबा. दावली न्हाईस तर मी सुधरू कुठनं? त्या बाईंनी कोरडा हाय म्हणून सांगितलं, म्हणून तर कळलं.”

मी त्यांचा हात धरला. ठोकळा बसवायला नुकत्याच कालवलेल्या इपॉक्सीनं बोटं चिकट झाली होती आणि ते म्हणाले, सोड, चिकटून बसशील. अम्मी चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं फळीच्या पोटात ठोकळा बसवत होतो.

नव्या ठोकळ्यानं काम केलं. कण्हेरला मी उठलो आणि उठलेला राहिलो, अर्ध्या धरणापर्यंत. हवालदारांनी म्हशी सोडून टाळ्या वाजवल्या. पण ती गुणगुण आता सारखी यायला लागली. वेग वाढला की चढायची, तळपायातून थेट दाढेत. फॉइलच्या पंखाची मागची कड आधीच्या मालकाकडे कुठंतरी घासली असणार. कड जाड किंवा ओबडधोबड झाली की पाणी तिला थरथरवतं. ती घासून नीट केली की गप्प बसते, असं जाणकार सांगतात. हे मी अब्बांना कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि एकच विचारलं, सूर कुठला?

हे कसं सांगणार? मी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढली. तोच, परत आलेला. त्यांनी अडवलं नाही. मी एक तार डोक्यातल्या गुणगुणीशी जुळेपर्यंत पिळत गेलो. कान चांगला आहे, हे खरं असावं. जुळली तेव्हा मी तंबोरा त्यांच्या मांडीवर ठेवला. अब्बा पूर्वी जवारी बघताना हनुवटी भोपळ्यावर टेकवायचे, ते मला आठवत होतं. मी तसं करा म्हणून खुणावलं, म्हटलं हाडातून तरी थरथर पोचेल. त्यांनी हनुवटी टेकवली, मी तार छेडली. त्यांचे डोळे मिटले. मी परत छेडली. पाच-सहा वेळा तरी छेडली असेन. मग ते उठले, आतून बिस्किटाचा डबा आणला, ओढणी सोडली आणि कानस बाहेर काढली.

ते माझ्याबरोबर साताऱ्याला आले, कण्हेरला आले. हवालदारांनी आपली सतरंजी पुढं केली. पंखाची कड पाण्यात नेल्याशिवाय कळत नाही, त्यामुळं क्रम असा ठरला: अब्बा काठावर बसून कड घासणार, मी फॉइल लावून एक फेरी मारून येणार, सांगणार, ते परत घासणार. पहिल्या फेरीनंतर मी हातानं दाखवलं, आहे अजून, तेवढीच. त्यांनी फॉइल मांडीवर आडवं घेतलं आणि चार-पाच हात मारले. दुसऱ्या फेरीत गुणगुण निम्मी झाली होती. तिसऱ्या फेरीला अगदी बारीक, लक्ष दिलं तरच. ऊन उतरलं होतं, वारा पडायला आला होता आणि म्हातारा माणूस तीन तास सतरंजीवर बसला होता. मला सांगायचा मोह झाला की गेली.

अब्बा माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, “दगडावाणी सांगू नगंस.”

मी अंगठा आणि तर्जनीत केसभर अंतर ठेवून दाखवलं. त्यांनी परत फॉइल मांडीवर घेतलं. चौथ्या फेरीत मी उठलो आणि खालून काहीच आलं नाही. पाणी नाही, गुणगुण नाही. काठावर दोन म्हातारे आणि दोन म्हशी दिसत होत्या. मी परत आलो आणि मान हलवून सांगितलं, गेली. अब्बांनी कानस पुसली. हवालदारांनी माझ्याकडे वळून विचारलं, “आवं, ह्यांना ऐकू येत न्हाई म्हनं, मग कळलं कसं?” मी त्यांना सांगितलं की ऐकायचं काम माझ्याकडे आहे.

कानस ह्या वेळी ओढणीत गेली नाही. मिरजेला परतलो त्या दुपारी अब्बांनी बाईंचा तंबोरा शेडमध्ये नेला, तारा ढिल्या केल्या आणि मला समोर बसवलं. हनुवटी भोपळ्यावर, कानस घोडीवर. दोन हात मारायचे, तार चढवायची, छेडायची आणि माझ्याकडे बघायचं. मी मान नकारार्थी हलवायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मोजायला हवालदार नव्हते. पाठ दुखायला लागली तरी ते उठेनात. एकदा तार अशी उघडली की मला वाटलं, झालं. शेडभर गुंजन आलं, अम्मी दारात येऊन उभी राहिली. मी होकार देणारच होतो. पण मग नीट ऐकलं. वरच्या अंगाला अजून एक कोरडी कड होती, सांगितली नसती तर कोणाला कळली नसती. कदाचित त्या बाईंनाही नाही.

अब्बा हनुवटी तशीच टेकवून माझ्या ओठांकडे बघत होते.

“आता?”

“न्हाई अब्बा,” मी म्हणालो. “अजून न्हाई.”

ते हसले आणि कानस उचलली.